न चाखलेली वाइन

२१ ऑगस्ट

हाल्वरनं आज एगिलचा जबडा मोडला. भर दुपारी, धक्क्यावर, माणसांसमोर. मी मासे भरायच्या शेडमधून पळत गेले तेव्हा एगिल गुडघ्यांवर बसला होता आणि काही सांडू नये म्हणून धरावी तशी तोंडाखाली ओंजळ धरून होता. ओंजळीत रक्त आणि दात. त्याला बोलायचं होतं, पण खालचा जबडा एका बाजूला सरकला होता आणि तोंडातून नुसता गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता.

माझा भाऊ हाल्वर शेजारी उभा होता. शांत. उजव्या हाताची बोटं उघडून मिटून पाहत होता. मला म्हणाला, "चल, गाडीत बस. जेवायची वेळ झाली."

गाडी त्यानंच चालवली. वळणांवर नेहमीसारखी सावकाश. पुलाजवळ मेंढ्या आडव्या आल्या तर थांबला, उतरून त्यांना हाकललं आणि परत येऊन बसला.

घरी बाबांनी विचारलं, "प्यायला होता?"

"असणार," मी म्हटलं.

"असणार म्हणजे?"

"होड्यांच्या शेडमध्ये ते लोक हातभट्टीची ठेवतात, बाबा. सगळ्यांना माहीत आहे."

बाबांनी डोळे मिटले. "दारू," ते म्हणाले. मला वाटलं, त्यांना थोडं हायसं वाटलं. मलाही वाटलं. दारू असेल तर ते हाल्वरनं केलं असं म्हणता येत नाही.

धक्क्यावरचे लोक सांगतात, मारण्याआधी हाल्वरनं एगिलला काहीतरी विचारलं. दोनदा. आणि उत्तराची वाट पाहिली. म्हणजे त्यानं एगिलला संधी दिली होती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण लोक नेमकं एवढंच विसरतील.

२५ ऑगस्ट

एगिलनं डॉक्टरला सांगितलं की बोटीच्या डेकवर पाय घसरला. तरी पोलीस अधिकारी ब्रेक्के हाल्वरच्या घरी आलेच. हाल्वर आणि त्याची बायको तोरुन आमच्या अंगणापलीकडच्या छोट्या घरात राहतात. मी तिथंच होते. ब्रेक्केंनी कॉफी घेतली, तोरुनच्या वाफल्सची तारीफ केली आणि म्हणाले, "हाल्वर, मागच्या हिवाळ्यातली स्थगित शिक्षा तुझ्या डोक्यावर टांगलेली आहे. आणखी एक तक्रार आली की ती खाली येईल. पुढच्या वेळी मी वाफल खायला येणार नाही."

"मग आत्ताच दोन जास्त खाऊन घ्या," हाल्वर म्हणाला. ब्रेक्केंना हसू आलं. माझ्या भावाला माणसं हसवता येतात. तोरुन हसली नाही.

नंतर भांडी विसळताना ती मला म्हणाली, "तुरुंगाचं ते लोक बघतील. माझं मी सांगते, गुनवोर. आणखी एकदा असं काही झालं, तर मी बर्गनला आईबाबांकडे जाईन. बाळ तिथंच होईल आणि तिथंच राहील."

बाळ नाताळानंतर यायचं आहे. मी पाळण्यासाठी लोकर कातून ठेवली आहे. माझं सगळं शिक्षण घरात, बाबांपाशी झालं, त्यामुळे मला वर्गमैत्रीण अशी कधी नव्हती. तोरुन ही पहिली. ती गेली तर अंगणापलीकडे कोणी उरणार नाही.

"आमच्याकडे दर शनिवारी जेवणाबरोबर वाइन असते," ती पुढे म्हणाली. "बाबा दोन ग्लास घेतात आणि खुर्चीत घोरायला लागतात. कोणाचे दात पडत नाहीत. इथं एक तर प्रार्थनाघर, नाहीतर हातभट्टी. मधलं काहीच नाही का गं या गावाला?"

मधलं काही. हे शब्द अजून डोक्यातून गेलेले नाहीत.

१२ सप्टेंबर

बोटीनं शहरात गेले, घरी वाइन करायचं सामान आणायला. गावातल्या दुकानात असली गोष्ट मागितली असती तर मी परत पोचायच्या आत बाबांना कळलं असतं.

दुकानदाराच्या एका कानात बाळी होती. "लाल की पांढरी?" त्यानं विचारलं.

"जिच्यानं माणूस शांत होतो ती."

"मग लाल. नवऱ्यासाठी?"

"भावासाठी."

"पहिल्यांदाच करतेयस ना? चेहऱ्यावरच दिसतंय. ऐक, पोरी. धुवायचं, धुवायचं आणि कंटाळा आला की परत धुवायचं. बाकी सगळं यीस्ट करतं. फक्त गारठ्यात ठेवू नकोस. यीस्ट माझ्या सासऱ्यासारखं असतं, थंडी वाजली की काम टाकून बसतं."

खोक्यात द्राक्षरसाची जाड पिशवी, पुड्या, झाकणाची बादली, नळी, रसात तरंगून साखर मोजणारी काचेची मोजकांडी आणि एक माहितीपत्रक आहे. परतताना ते खोकं मी मांडीवर धरून बसले, कोणाचं तरी मूल सांभाळायला दिल्यासारखं.

आता शपथेविषयी. चौदाव्या वर्षी प्रार्थनाघरात सगळ्यांसमोर उभं राहून मी म्हटलं होतं, "मादक पेय मी जन्मभर चाखणार नाही." चाखणार नाही, एवढंच. बनवणार नाही असं त्यात नाही. ज्यांनी ती शपथ रचली त्यांच्या मनात हे आलं नसणार. त्यांच्या न आलेल्या विचाराचा मी फायदा घेते आहे का? घेते आहे. पण एक जबडा आणि एक बाळ एका पारड्यात ठेवलं तर?

१३ सप्टेंबर

तोरुनच्या घरी, कपडे धुवायच्या खोलीत, सगळं मांडलं. बाबा तिथं सहसा येत नाहीत. मी रबरी हातमोजे घातले.

"हे कशाला?" तोरुननं विचारलं.

"अंगाला लागू नये म्हणून."

"अगं, अजून नुसता रस आहे तो! त्यानं पाप लागत असेल तर सगळी बालवाडी नरकात जाईल."

हाल्वर दारात उभा राहून पाहत होता. "आमच्या घरची संत दारू गाळतेय," तो म्हणाला. "बाबांना कळलं तर तुला टेबलाशी उभं करतील."

"मी तेवीस वर्षांची आहे."

"मी एकोणतीसचा आहे. माझी पाठ अजून विचारते, आज कोणता धडा?" आणि तो इतका हसला की आम्हीही हसलो. त्यानं बादली एका हातानं उचलून फळीवर ठेवली, जशी मांजर उचलावी. म्हणाला, "झाली की पहिला ग्लास माझा. शहाण्या माणसासारखा बसून पिईन. नॅपकिन मांडीवर घेऊन." मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला खात्री वाटली की हे जमेल.

२० सप्टेंबर

यीस्ट जागं झालं आहे. झाकणावरच्या नळीतून बुडबुडे येतात, सारखे. खोलीत आंबूस, गोड वास आहे. मी नाकानं घेते. नाक शपथेत नाही.

तोरुनच्या मनगटाभोवती निळा वळ आहे आणि डावा कान सुजला आहे. पायरीवरून पडली म्हणाली. पायरी कोरडी होती, मी पाहिली. पण गरोदरपणात तोल जातो असं पुस्तकात दिलेलं आहे. हाल्वर परवापासून होड्यांच्या शेडकडे गेलेला नाही, संध्याकाळी घरीच असतो, त्यामुळे दुसरी शंका घ्यायला जागा नाही.

मी तिला विचारलं, "फार दुखतंय?"

ती म्हणाली, "तुझी वाइन कधी होणार?"

२८ सप्टेंबर

बाबा तोरुनकडे कॉफीला गेले आणि नाक वर करून म्हणाले, "काय आंबलंय?" तोरुननं सांगितलं की कोबी. बाबांनी मान हलवली, पण मला आता तिथं ठेवायची भीती वाटली. आज ते गावाबाहेर गेल्यावर बादली मेंढ्या कापायच्या शेडमध्ये हलवली. तिथं थंडी आहे हे मला माहीत आहे. म्हणून बादलीला दोन लोकरी घोंगड्या गुंडाळल्या आणि वरून जुनी रजई बांधली. यापेक्षा जास्त मला सुचलं नाही.

४ ऑक्टोबर

आज मेंढ्या कापल्या. बाबा कपाळावर बंदुकीची नळी टेकवून चाप ओढतात, मेंढी कोसळते, हाल्वर गळा चिरतो आणि मी खाली बादली धरते. रक्त गरम असेपर्यंत ढवळत राहावं लागतं, नाहीतर गोठून फुकट जातं. हात कोपरापर्यंत लाल होतो. रक्ताची बादली आणि वाइनची बादली एकाच मापाच्या आहेत. माझी वाइन पलीकडच्या कोपऱ्यात रजईत बसली होती आणि बाबांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

एक एडका बाबांच्या हातून सुटला. नळी नीट टेकली नव्हती. अर्ध्या फुटलेल्या डोक्यानं तो शेडभर धावला, भिंतीवर आपटला, पुन्हा उठला. हाल्वरनं त्याला शिंगांनी धरून गुडघ्याखाली दाबलं आणि त्याच्या कानाशी वाकून बाबांच्या आवाजात म्हणाला, "आता तूच सांग, हे का करावं लागतंय?"

मी हसले. बाबा हसले नाहीत. हे कोणी बाहेरच्यानं ऐकलं तर कळणार नाही, म्हणून लिहिते. आमची शाळा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भरायची; मी सातव्या वर्षी तिथं बसू लागले. चूक झाली, खोटं बोललं, उगाच हसलं, की बाबा छडी घेत आणि हा प्रश्न विचारत. बरोबर उत्तर आल्याशिवाय ते कधी मारत नसत. रागानं तर कधीच मारलं नाही. हाल्वर मुद्दाम चुकीची उत्तरं देत राही, कधीकधी जेवणाची वेळ टळेपर्यंत. मी लगेच बरोबर उत्तर देत असे. "कारण मी हसले." "कारण मी उशिरा उठले." म्हणून माझं लवकर संपायचं. मला वाटतं, माझा अभ्यासही म्हणूनच त्याच्यापेक्षा चांगला झाला.

एडक्याला हाल्वरनं सुरीनं संपवलं. गरजेपेक्षा जास्त वेळा.

१० ऑक्टोबर

बुडबुडे थांबले आहेत. मोजकांडी रोज पाहते, ती त्याच रेघेवर आहे. पत्रकात म्हटलं आहे की आकडा काही दिवस हलला नाही तर आंबणं संपलं असं समजावं. पण हेही म्हटलं आहे की तो खालच्या रेघेपर्यंत उतरायला हवा, आणि तो तिथवर उतरलेला नाही. मग संपलं की थंडीनं थांबलं?

मासळीच्या ऑफिसातून दुकानदाराला फोन केला.

"चव कशी आहे?" तो म्हणाला. "गोड की कोरडी?"

"ते मला सांगता येणार नाही."

"का?"

"मी चाखलेली नाही."

"मग चाख! एक थेंब जिभेवर ठेव आणि फोन कर. गोड लागली तर अजून आंबायची आहे, उबेत ने. एवढंच. लहान मूलही सांगेल."

मी शेडमध्ये गेले. चमचा बुडवला. बराच वेळ हातात धरून उभी राहिले. मग परत बादलीत ओतला. तोरुनला चाखवावी म्हटलं तर ती गरोदर. हाल्वरला दिली तर अर्धीकच्ची वाइन आधी पोटात जाणार आणि पहिला ग्लास जेवणाच्या टेबलाशी बसून घ्यायचा ते राहून जाणार. पत्रकातल्या दोन वाक्यांमधलं एक निवडायचं होतं. मी पहिलं निवडलं. आकडा हललेला नाही.

१७ ऑक्टोबर

बाटल्या भरल्या. नळीनं ओढायला तोंड लावावं लागतं, म्हणून मी आधी नळी पाण्यानं भरून घेतली. बुचं दोन दांड्यांच्या यंत्रानं दाबून बसवली. रंग फार सुंदर आहे. उजेडात धरली तर माणिक.

पत्रकात म्हटलं आहे की लाल वाइन खोलीइतक्या उबेत प्यावी. म्हणून सगळ्या बाटल्या तोरुनकडे नेऊन लोखंडी शेगडीमागच्या फळीवर ओळीनं उभ्या केल्या. पुढच्या शनिवारी कोबी-मटण. पांढरा टेबलक्लॉथ मी इस्त्री करून देणार आहे. बाबा त्या दिवशी पलीकडच्या खाडीत प्रवचनाला जाणार आहेत.

हाल्वरनं एक बाटली कानाशी धरली. "काहीतरी बोलतेय," तो म्हणाला.

२६ ऑक्टोबर

शनिवारचं मी आज लिहिते आहे. काल जमलं नाही.

सकाळभर हाल्वर आणि मी शेडमध्ये कातड्यांना मीठ चोळत होतो. त्याचं मन चांगलं होतं, शीळ घालत होता. दुपारी त्याच्या घरी गेलो. मटण शिजत होतं, शेगडी भडकलेली. तोरुननं निळा पोशाख घातला होता, पोटावर घट्ट होणारा. टेबलावर ग्लास मांडले होते. मी टेबलक्लॉथची घडी सरळ करत होते.

पहिली बाटली फुटली तेव्हा मला वाटलं कोणी खिडकीतून गोळी झाडली. हाल्वर खाली वाकला. मग दुसरी. मग एक बूच छतावर आपटलं, आणि मग मोजता येईना. काचा उडत होत्या, फळी पडली, भिंती, पडदा, टेबलक्लॉथ, माझे केस, सगळं लाल. माझ्या कपाळात काच घुसली. मटणाच्या भांड्यात बाटलीचा गळा उभा राहिला होता. मग एकदम शांतता. फक्त जमिनीवर फेस सुसकारत होता.

तोरुन भिंतीला टेकून होती. तिनं स्वतःकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तिला हसू फुटलं. तिनं मनगट चाटलं. "गुनवोर, अगं, सरबत आहे हे! निव्वळ सरबत!" ती हसत राहिली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. इतकं हसलेलं मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

हाल्वर तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. आवाज अजिबात न चढवता म्हणाला, "आता तूच सांग, हे का करावं लागतंय?"

ती हसतच म्हणाली, "काय?"

त्यानं पुन्हा विचारलं. आणि थांबला.

तिला उत्तर माहीत नव्हतं. ती आमच्या टेबलाशी शिकलेली नाही. उत्तर माझ्या तोंडून गेलं. मी म्हटलं, "कारण मी हसले."

मी ते मोठ्यानं म्हटलं. ताठ उभी राहून, हात बाजूला सरळ ठेवून. हाल्वरनं माझ्याकडे न बघता मान हलवली, उत्तर बरोबर आलं की बाबा हलवतात तशी, आणि तिच्या तोंडावर मूठ मारली. गालाचं हाड मोडल्याचा आवाज ओल्या फांदीचा असतो. ती काचांत पडली. त्यानं लाथ मारली, खांद्यावर. दुसरी लाथ कुठं जाणार ते मला दिसलं.

मी तिच्या अंगावर पालथी पडले. तिचं पोट माझ्या पोटाखाली घेतलं आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं. लाथा माझ्या पाठीत बसल्या. मला आधी वाटलं तो थांबेल, कारण उत्तर मी दिलं होतं आणि नियमाप्रमाणे ते संपायला हवं होतं. तो थांबला नाही. तिच्या तोंडातलं रक्त माझ्या गळ्यापाशी वाहत होतं आणि ती माझ्या कानात म्हणत होती, "उठू नकोस. उठू नकोस."

दमल्यावर तो खुर्चीवर बसला. त्यानंच फोन करून ब्रेक्केंना बोलावलं. ब्रेक्के दारात आले, नाकाला हात लावला आणि म्हणाले, "देवा, किती प्यायलात तुम्ही?"

२७ ऑक्टोबर

बाबांनी मला टेबलाशी बसवलं. माझ्यासाठी स्वतः कॉफी ओतली. असं त्यांनी याआधी कधी केलं नव्हतं.

"तू पाप केलंस," ते म्हणाले, "पण त्याचाही उपयोग होऊ शकतो. ब्रेक्केंना सांग की त्यानं तुझी वाइन प्यायली. दुपारपासून."

"प्यायली नाही, बाबा. एकही बाटली कोणी उघडली नाही."

"घरभर वास होता. ब्रेक्केंनी स्वतः घेतला."

"वास होता."

"डोंगरापलीकडे आपल्या मंडळींचं उपचारगृह आहे. दारूपायी घडलं म्हटलं तर ते त्याला घेतील, आणि मी न्यायाधीशांशी बोलेन. वसंतापर्यंत तो घरी. तोरुनही येईल. बरा झालेल्या माणसाकडे बायको परत येते. मूल आपल्या अंगणात वाढेल. तुला तेच हवं होतं ना?"

मला तेच हवं होतं.

"आणि मी?"

"तू प्रार्थनाघरात उभी राहून कबूल करशील. मी सगळ्यांदेखत तुला क्षमा करीन."

मी म्हटलं, "तो शुद्धीत होता."

बाबांनी माझं मनगट धरलं, टेबलावर दाबलं. दुसरा हात वर गेला. "आता तूच सांग," ते म्हणाले, "हे का करावं लागतंय?"

उत्तर तयार होतं. ते नेहमीच तयार असतं. मी दिलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मग पुन्हा. मी कॉफीकडे पाहत राहिले. त्यांचा हात हवेतच होता. उत्तर न देणाऱ्या मुलीचं काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी कप उचलून भिंतीवर फेकला आणि बाहेर गेले.

२९ ऑक्टोबर

हॉस्पिटल. तोरुनचा एक डोळा बंद आहे, खांद्याचं हाड तारेनं बांधलं आहे. बाळ जिवंत आहे. नर्सनं मला त्याचं हृदय ऐकवलं. लहान इंजिनासारखं धावतं.

तोरुननं माझा हात घेतला. जबडा सुजल्यामुळे शब्द अर्धे येतात. "सकाळी तो तुझ्याबरोबर होता. काही घेतलं होतं त्यानं? होड्यांच्या शेडमधून आणलेलं काही? खिशातली बाटली?"

मी मोकळ्या हातानं तिची चादर नीट केली.

"घेतलं असणार," ती म्हणाली. "तुझे बाबा येऊन गेले. उपचारगृहाचं सांगत होते. दारू असेल तर ती सुटू शकते, हो ना? माझ्या मामाची सुटली. सांग ना, गुनवोर. सांग की त्यानं घेतली होती."

तिनं हे असं मागितलं, जसं तहानलेलं माणूस पाणी मागतं. ग्लास माझ्या हातात होता.

"कॉफी घेतली होती," मी म्हटलं. "दूध घालून. दुसरं काही नाही."

तिनं नजर छताकडे वळवली.

"ऑगस्टमध्ये? एगिलच्या वेळी?"

"मी त्याच्या शेजारी बसून घरी आले होते. तेव्हाही नाही. प्यायला असणार असं बाबांना मीच सांगितलं होतं."

"आणि पायरी," ती स्वतःशीच म्हणाली. मग माझा हात सोडला. "तू खोटं बोलू शकली असतीस. मी परत आले असते."

"हो."

"तुझ्यासाठीसुद्धा आले असते, वेडे." तिनं तोंड भिंतीकडे केलं. मी कोट घातला तेव्हा ती न वळता म्हणाली, "दारू नाही, तर मग तो हे शिकला कुठं?"

मी कोटाची बटणं लावली आणि दार ओढून घेतलं.

बाहेर व्हरांड्यात तिचे वडील बसले होते, बर्गनहून आलेले. लहानखुरे, टक्कल पडलेले, मांडीवर थर्मास. "तूच का ती वाइन केलीस?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "कशी झाली होती?" मी म्हटलं की मी चाखली नाही. ते मान हलवून रडायला लागले. उद्याच्या बोटीनं ते तिला घेऊन जाणार आहेत. बाळाची लोकर त्यांच्याकडे दिली. त्यांनी ती थर्मासभोवती गुंडाळली, काय आहे ते न विचारता.

३१ ऑक्टोबर

बाबांनी मला गाडीतून पोलीस ठाण्यात नेलं. वाटेत एकदाच बोलले. "तुझ्या एका शब्दावर तुझा भाऊ आत जाईल. त्याला अंधाराची भीती वाटते, तुला माहीत आहे."

मला माहीत आहे. लहानपणी तो माझ्या पलंगाशेजारी जमिनीवर झोपायचा आणि माझ्या चादरीचा कोपरा मुठीत धरायचा. हे मी पूर्ण वाटभर डोळ्यांसमोर ठेवलं. विसरून बोलले असते तर तेही खोटंच झालं असतं.

बाबा बाहेरच्या बाकावर बसले. ब्रेक्केंनी मला आत घेतलं, खुर्ची दिली आणि दाराच्या मुठीला हात लावला. "लावून घेऊ?"

"उघडं राहू द्या," मी म्हटलं.

"बरं. घाई नाही. पहिल्यापासून सांग."

"मी सात वर्षांची होते," मी म्हटलं.

ब्रेक्केंनी पेन खाली ठेवलं. "मी शनिवारचं विचारतोय, गुनवोर."

"हो," मी म्हटलं. "तिकडेच येतेय."

बाहेरच्या बाकावर बाबा खाकरले. मी आवाज थोडा वाढवला.